विश्लेषण: डार्विन यांचा आजार आजोळकडून आला होता का?

चार्ल्स डार्विन यांच्या पत्नी एमा या त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. महाड-पोलादपूरमध्ये हे नाते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. घरात दुर्मीळ आनुवंशिक आजार निघाला, की बोट आधी अशा लग्नाकडे किंवा मुलाच्या आईकडे जाते. हे कितपत खरे, ते डार्विन यांच्या आयुष्यावरून समजून घेता येते.

डार्विन यांना काय होत होते?

१८०९ मध्ये इंग्लंडमधील श्रूसबरी येथे त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी आई गेली. १८३१ ते १८३६ ‘बीगल’ जहाजावरून त्यांनी जगप्रवास केला. १८३९ मध्ये लग्न झाले. पुढे उलट्या, धडधड, डोकेदुखी आणि कमालीचा थकवा यांनी १८८२ मध्ये निधन होईपर्यंत पाठ सोडली नाही. त्यातच १८५९ मध्ये उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. दहापैकी तीन मुले लहानपणीच दगावली. नात्यातले लग्न भोवले का, ही शंका त्यांना छळत राहिली. जनगणनेत अशा लग्नांची नोंद व्हावी, हा त्यांचा प्रयत्न संसदेत फसला.

मायटोकॉन्ड्रियाचा संबंध काय?

पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा मायटोकॉन्ड्रिया तयार करतात. त्यांत बिघाड झाला, की मेंदू, हृदय, स्नायू आधी थकतात. त्यांची स्वतःची ३७ जनुके आईकडूनच मिळतात. डार्विन यांचे मामा टॉम वेजवूड हेही सतत आजारी असत. अशा खुणांवरून ऑस्ट्रेलियातील जॉन हेमन यांनी २०१३ मध्ये हा मायटोकॉन्ड्रियाचा विकार असावा, असे मांडले. डीएनए तपासणी झालेली नसल्याने तो अंदाजच आहे.

मग दोष कुणाचा?

अंदाज खरा मानला, तरी वडिलांची ही जनुके मुलांत जात नाहीत. म्हणजे मुलांना हा आजार डार्विन यांच्याकडून आला नसता. मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नाचाही त्याच्याशी संबंध नव्हता. मात्र मायटोकॉन्ड्रियाच्या कामाला लागणारी इतर अनेक जनुके आई-वडील दोघांकडून येतात. त्यांतल्या काही विकारांचा धोका नात्यातील लग्नाने वाढतो. नेमका प्रकार तपासणीनंतरच कळतो. आईकडून बदल आला, तरी तो तिचा दोष नाही. त्याच बदलाने एक भावंड आजारी, तर दुसरे ठणठणीत असू शकते.

कुटुंबाने काय करावे?

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ नुसार मुंबईचे केईएम रुग्णालय अशा आजारांसाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. डॉक्टरांकडे जाताना आजोळ आणि वडिलांचे घर, दोन्हींकडच्या आजारांची माहिती लिहून न्यावी.