इमाम गझाली

इ. स. १०९५ च्या उन्हाळ्यात बगदादच्या निजामिया मदरशातील प्रमुख आचार्यांची वाचा बसली. शिकविण्यास बसावे तो शब्द फुटू नये. अन्नही घशाखाली उतरेना. दुखणे मनाचे आहे असे सांगून वैद्यांनी हात टेकले.

हे आचार्य म्हणजे अबू हामिद अल्-गझाली. इराणच्या ईशान्येस तूस येथे १०५८ साली त्यांचा जन्म झाला. निशापूरला अल्-जुवैनी यांच्यापाशी त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. १०९१ मध्ये सेल्जुकांचे वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादला नेमले. सुमारे ३०० विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. परंतु हे अध्यापन ईश्वरार्थ की कीर्तीसाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला आणि उत्तर कीर्ती असेच आले. सहा महिने मन दोलायमान राहिले. अखेर कुटुंबापुरती तरतूद ठेवून त्यांनी उरलेले द्रव्य वाटले व मक्केचे निमित्त सांगून दमास्कस गाठले. ही लपवाछपवीही त्यांनी पुढे आत्मवृत्तात नमूद केली आहे, हे विशेष. हेब्रॉन येथे इब्राहिमांच्या समाधीपाशी त्यांनी दरबार, राजद्रव्य व वादविवाद वर्ज्य करण्याची शपथ घेतली.

या काळात ‘इह्या उलूम अद्-दीन’ हा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ आकारास आला. त्यातील एक उदाहरण बोलके आहे. जकात (पूर्वी नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या जकातीशी हिचे नाते केवळ नावाचे, ही धनिकाने गरिबांसाठी द्यावयाची) संपत्ती वर्षभर हाती राहिल्यावरच लागू होते. म्हणून वर्ष सरता सरता कोणी ती पत्नीच्या नावे केली, तर वसुली अधिकाऱ्यास काही मागता येत नाही. कायदा तेथे थांबतो. पण ज्या कृपणतेवर उतारा म्हणून हे दान सांगितले, तीच या युक्तीने पोसली गेली, असे गझालींचे म्हणणे. बऱ्यावाईटाचा निर्णय ईश्वरी आज्ञेनेच होतो, निव्वळ बुद्धीने नव्हे, हे अश्अरी मत त्यांनी सोडले नाही. तथापि ‘अल्-मुस्तस्फा’ या ग्रंथात धर्म, जीवित, बुद्धी, संतती व संपत्ती यांचे रक्षण हा त्या आज्ञांचा हेतू त्यांनी मांडला.

१००६ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या ११०६ साली वजीर फख्रुल्मुल्क यांच्या आग्रहावरून ते निशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवू लागले. शपथेला येथे मुरड पडली, असे म्हणावे लागते. पूर्वी कीर्तीसाठी शिकविले, आता कीर्ती सोडण्यास शिकवितो, असे त्यांचे समर्थन होते. ११०९ च्या सुमारास स्पेनमधील कोर्दोबा येथे ‘इह्या’च्या प्रती जाळण्यात आल्या. अखेरीस गझाली तूसला परतले. तेथेच डिसेंबर ११११ मध्ये त्यांचे निधन झाले.