विश्लेषण : सीरमच्या बाटलीतले ‘हायल्युरॉनिक ॲसिड’ मुळात डोळ्यातले! ते शोधणारे कार्ल मायर कोण होते?

चेहऱ्याचे सीरम, ओठ भरण्याचे इंजेक्शन, कोरड्या डोळ्यांचे थेंब आणि गुडघ्यात देण्याचे इंजेक्शन. या चारही खोक्यांवर एकच नाव सापडते, हायल्युरॉनिक ॲसिड किंवा सोडियम हायल्युरोनेट. भंडारा, तुमसर किंवा साकोलीत बसून मोबाइलवर मागवले तरी यातले सीरम घरपोच येते. नावात ‘ॲसिड’ असल्याने अनेक जण बिचकतात, तर जाहिरात पाहून अनेक जण नको तितका विश्वास ठेवतात. या पदार्थाचा शोध १९३४ मध्ये लागला तेव्हा संशोधकाच्या डोक्यात ना सुरकुत्या होत्या, ना सौंदर्य. तो नोकरीला होता नेत्रविभागात.

कोण होते कार्ल मायर?

कार्ल मायर यांचा जन्म १८९९ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहराजवळच्या केर्पेन या गावी झाला. शिक्षणाच्या वयातच पहिले महायुद्ध पेटलेले होते आणि त्यांना लष्करात भरती व्हावे लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी कोलोन विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास केला आणि १९२४ मध्ये ते डॉक्टर झाले. मात्र रुग्ण तपासण्यापेक्षा शरीरात काय आणि कसे घडते यात त्यांना अधिक रस होता. त्यामुळे ते बर्लिनला गेले आणि रसायनशास्त्रातही डॉक्टरेट मिळवली. वैद्यक आणि रसायन या दोन्ही वाटा एकाच माणसाने चालणे त्या काळी जर्मनीत फार नवलाचे नव्हते, पण मायर यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच ठरला.

१९३० मध्ये ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात गेले. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या शोधासाठी ओळखले जाणारे हर्बर्ट इव्हान्स यांनी त्यांना बोलावले होते. (कॅलिफोर्नियातच कार्ल फ्रेडरिक मायर नावाचे दुसरे प्रख्यात शास्त्रज्ञ होते. ते जनावरांपासून माणसांना होणाऱ्या रोगांवर काम करत. इंटरनेटवर शोधताना या दोघांची गल्लत सहज होते.) बर्कलीतले काम फार काळ टिकले नाही. तिकडे जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी व विद्यापीठांतल्या पदांवरून काढणारा कायदा झाला. जर्मनीतल्या प्रयोगशाळा महिन्या-महिन्याला रिकाम्या होऊ लागल्या. मायर यांच्यासाठीही परतीची वाट उरली नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना जागा मिळाली, ती नेत्ररोग विभागात. रसायनशास्त्रज्ञासाठी ही जागा तशी आडवळणाचीच. पण ती मिळाली नसती तर पुढची कहाणी कदाचित वेगळ्याच नावाने लिहावी लागली असती.

गुरांच्या डोळ्यांत काय सापडले?

पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अश्रू आणि नाकातल्या स्रावात जिवाणू फोडणारा एक घटक शोधला होता. त्याचे नाव लायसोझाइम. नेत्रविभागात आलेल्या मायर यांना तो साहजिकच जवळचा वाटला. लायसोझाइम नेमका कशावर काम करतो, तसा चिकट पदार्थ डोळ्यात आहे का, हे शोधताना त्यांचे लक्ष बुबुळामागच्या पारदर्शक गराकडे गेले. डोळ्याचा गोल आकार सांभाळणाऱ्या या गरात ९८ ते ९९ टक्के पाणीच असते, तरी तो पाण्यासारखा वाहत नाही. मग पाण्याला धरून ठेवते कोण?

मायर आणि त्यांचे सहकारी जॉन पामर यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांतून हा गर काढला आणि त्यातून एक मोठा, साखळीसारखा शर्करा-पदार्थ वेगळा केला. १९३४ मध्ये ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त जेमतेम सहा पानांचा लेख आला. नाव त्यांनी दोन तुकडे जोडून तयार केले. काचेसाठीच्या ग्रीक शब्दावरून डोळ्यातल्या त्या गराला ‘हायलॉइड’ म्हणत, आणि साखळीत युरॉनिक ॲसिड होते. झाले ‘हायल्युरॉनिक ॲसिड’. म्हणजे सीरमच्या बाटलीवरचे हे नाव आजही डोळ्याचाच पत्ता सांगते.

यातले ‘ॲसिड’ जाळणारे नाही. शरीरात ते बहुतांशी सोडियमच्या क्षाराच्या रूपात असते, म्हणून खोक्यावर ‘सोडियम हायल्युरोनेट’ लिहिलेले असते.

साखळी उलगडायला २० वर्षे

पदार्थ सापडला, पण त्याची रचना कळायला दोन दशके लागली. बर्नार्ड वाइसमन यांच्यासोबत मायर यांनी १९५४ मध्ये चित्र स्पष्ट केले. दोनच शर्करा-घटक, एकाआड एक, हजारो वेळा. इतकी साधी माळ. पण ती इतकी लांब असते की पाण्यात गुंडाळी होऊन भलीमोठी जागा व्यापते आणि पाणी अडवून ठेवते. वैनगंगेच्या पाण्यात अडकलेले मासेमारीचे जाळे डोळ्यांसमोर आणले तर कल्पना येईल, फक्त हे जाळे पाण्याला आत येऊ देते आणि सहजी सोडत नाही.

दरम्यान मायर यांच्या प्रयोगशाळेने हा पदार्थ नाळेत शोधला, सांध्यातल्या वंगणात शोधला. १९४१ मध्ये त्वचेतल्या अशा पदार्थांवरही त्यांचा लेख आला. आज ढोबळमानाने सांगितले जाते की ७० किलोच्या माणसाच्या शरीरात तो सुमारे १५ ग्रॅम असतो, त्यातला निम्मा त्वचेत, आणि रोज जवळपास एकतृतीयांश मोडून नवा तयार होतो. शरीर स्वतःच जे इतक्या वेगाने मोडते, ते बाहेरून एकदा भरून वर्षानुवर्षे कसे टिकेल, हा प्रश्न ग्राहकाने विचारायलाच हवा.

मोडणाऱ्या विकराचे, म्हणजे हायल्युरोनिडेजचे, कामही मायर यांनी याच काळात केले. काही जिवाणू, सापाचे विष, वृषणाचा अर्क यांत शरीरात चटकन पसरवणारा एक घटक असतो हे आधी ठाऊक होते. हा ‘पसरवणारा घटक’ म्हणजे हायल्युरोनिडेजच, हे १९४० च्या सुमारास अर्न्स्ट चेन यांनी दाखवले. चेन हेही हिटलरमुळे जर्मनी सोडून गेलेले, पुढे पेनिसिलिनसाठी नोबेल मिळवणारे. मायर यांना नोबेल मिळाले नाही. १९५६ मध्ये त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

डोळा त्यांनी सोडला नाही. १९५३ मध्ये पारपटलातून त्यांच्या चमूने आणखी एक शर्करा-साखळी वेगळी केली, केराटन सल्फेट. अशा सगळ्या पदार्थांना ‘म्युकोपॉलिसॅकराइड’ हे नावही त्यांनीच १९३८ मध्ये दिले होते. लहान मुलांतल्या काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांना डॉक्टर आजही त्यावरून ‘एमपीएस’ म्हणतात.

प्रयोगशाळेतून बाजारात कसे आले?

हे काम दुसऱ्या एका स्थलांतरिताचे. हंगेरीत जन्मलेले एंद्रे बालाझ यांनी कोंबड्याच्या तुऱ्यातून अत्यंत शुद्ध हायल्युरॉनिक ॲसिड काढण्याची पद्धत विकसित केली. १९८० च्या सुमारास ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत जेल म्हणून आले. नवे भिंग बसवताना पारपटलाच्या आतल्या नाजूक पेशींना धक्का लागू नये, कारण त्या पुन्हा वाढत नाहीत, यासाठी हा जेल गादीसारखा काम करतो. भारतात कमी खर्चाच्या शस्त्रक्रियांत बहुधा एचपीएमसी हा स्वस्त पर्यायी जेल वापरला जातो. डोळ्यासाठी निघालेला पदार्थ गालासाठी सहज परवडतो आणि डोळ्यासाठी महाग वाटतो, हा बाजाराचा हिशेब.

आता तुऱ्यांची गरज फारशी उरलेली नाही. जिवाणूंच्या किण्वनातून हा पदार्थ मोठ्या टाक्यांत तयार होतो. त्यामुळेच तो स्वस्त झाला आणि सीरममध्ये आला.

सुरकुत्या भरणारे ‘फिलर’ १९९६ मध्ये युरोपात आले, तर अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २००३ मध्ये पहिल्या हायल्युरॉनिक फिलरला मान्यता दिली. साखळ्या एकमेकींना रसायनाने जोडल्या की विकराला त्या मोडायला महिने लागतात, हीच त्यातली युक्ती. मे २०२३ मध्ये एफडीएने गालाच्या त्वचेचा मऊपणा वाढवण्यासाठी त्वचेतच सूक्ष्म थेंब सोडण्याच्या इंजेक्शनला मान्यता दिली. म्हणजे उद्योगाचा रोख आता आकार भरण्याकडून ओलावा देण्याकडे वळला आहे. एका अर्थी मायर यांनी १९३४ मध्ये पाहिलेल्या गुणाकडेच.

सीरम लावल्याने काय होते, काय होत नाही?

मोठी साखळी त्वचेत शिरत नाही. ती वर पातळ थर धरते, त्वचा काही तास मऊ आणि टवटवीत दिसते. लहान तुकडे थोडे आत जातात. सुरकुती भरून काढण्याचे काम दोघांपैकी कोणाचेच नाही. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत कोरड्या चेहऱ्यावर नुसते सीरम चोपडून उपयोग नाही. चेहरा ओलसर असताना लावावे आणि वर साधे मलम लावून ओलावा कोंडावा.

इंजेक्शनची गोष्ट पूर्ण वेगळी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० नुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे अंगाला चोळायचे, ओतायचे, शिंपडायचे किंवा फवारायचे. सुईने आत जाणारे काहीही त्यात बसत नाही. त्यामुळे पार्लरमध्ये फिलर घेणे म्हणजे फेशियल करून घेणे नव्हे. बिनसुईच्या ‘हायल्युरॉन पेन’बद्दल तर एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये थेट इशारा दिला, कारण दाबाने सुटलेला जेल नेमका कुठे जाईल यावर ताबा नसतो.

धोका कुठे आहे? नाक आणि भुवयांमधल्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून धमनीत गेला आणि उलटा सरकला तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही मिनिटांत दृष्टी जाऊ शकते. असे प्रकार क्वचित घडतात, पण घडलेले आहेत. अशा वेळी प्रशिक्षित डॉक्टर जे औषध टोचतात ते हायल्युरोनिडेज. त्वचेला होणारी इजा त्याने बऱ्याचदा टळते. गेलेली दृष्टी परत येईल याची मात्र खात्री नसते. म्हणून फिलर देणाऱ्याकडे हे औषध समोर ठेवलेले आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारणे रुग्णाचा हक्क आहे.

कोलंबियातून निवृत्त झाल्यावरही मायर थांबले नाहीत. न्यूयॉर्कच्याच येशिवा विद्यापीठात त्यांनी काम सुरू ठेवले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आपला पदार्थ वापरात आलेला त्यांच्या हयातीत घडला. १९९० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पहिला हायल्युरॉनिक फिलर बाजारात यायला तेव्हा सहा वर्षे होती.