कार्सन यांची दुसरी वाट

‘सायलेंट स्प्रिंग’ म्हटले की डीडीटी आणि मेलेले पक्षी आठवतात. रेचेल कार्सन यांच्या या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणे मात्र फारशी चर्चेत येत नाहीत. फळबागायतदाराच्या कामाचे जे आहे, ते नेमके तिथे आहे.

कार्सन यांचा जन्म १९०७ चा, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधला. प्राणिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. डॉक्टरेट घरच्या ओढगस्तीत राहून गेली. सरकारी मत्स्य खात्यात नोकरी केली. समुद्रावरच्या पुस्तकाने १९५१ मध्ये नाव आणि पैसा दिला, तेव्हा ती सोडली. डीडीटीवर लेख लिहिण्याची कल्पना त्यांनी १९४५ मध्येच एका मासिकाला सुचवली होती, पण ती नाकारली गेली. १९५८ मध्ये एका मैत्रिणीने डासांसाठी झालेल्या हवाई फवारणीनंतर पक्षी मेल्याचे कळवले आणि विषय पुन्हा हाती आला. लिखाण चालू असतानाच, १९६० मध्ये, त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निघाले. विरोधक त्याचेच भांडवल करतील म्हणून त्यांनी आजार लपवून ठेवला.

फवारणीत सगळे कीटक मरत नाहीत. विष पचवण्याची ताकद मुळातच असलेले थोडे उरतात, त्यांचीच प्रजा वाढते आणि काही पिढ्यांत औषध लागू पडेनासे होते. अशा प्रतिकारक्षम जाती १९४५ पूर्वी जेमतेम डझनभर माहीत होत्या. १९६० पर्यंत त्या १३७ झाल्याची नोंद कार्सन यांनी दिली आहे. मग मात्रा वाढते, औषध बदलते, आणि किडीला खाणारे मित्रकीटकही मरतात. फळमाशीची तर आणखी पंचाईत: मादी सालीखाली अंडी घालते, अळी गरात वाढते. वरवरचा फवारा तिथे पोहोचणार कसा?

औषधे अजिबात नकोत, असे कार्सन यांनी कधीच म्हटले नाही. हा आरोप त्यांच्यावर उगाचच चिकटला. शेवटच्या प्रकरणात त्यांनी जपानच्या दक्षिणेकडील बोनिन बेटांवरचा प्रयोग सांगितला आहे. मिथिल युजेनॉल या द्रव्याच्या वासाने फळमाशीचे नर वेड्यासारखे ओढले जातात. ते द्रव्य आणि थोडे विष शोषवलेले पुठ्ठ्यासारखे तुकडे १९६० पासून विमानातून टाकले गेले. वर्षभरात ९९ टक्क्यांहून अधिक माश्या संपल्याचा अंदाज होता. विष फक्त तुकड्यात, झाडावर नाही. एडवर्ड निपलिंग यांची किरणांनी निर्बीज केलेले नर सोडण्याची युक्तीही तिथेच आहे. १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावरून जनावरांच्या जखमेत वाढणारी स्क्रूवर्म माशी तिनेच हटवली होती.

१९६२ मध्ये पुस्तक आले. रसायन कंपन्यांनी गदारोळ केला, पण राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीने १९६३ मध्ये कार्सन यांचीच बाजू उचलून धरली. त्याच जूनमध्ये, शरीर थकलेले असताना, त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी, त्या गेल्या.

बोनिन बेटांवरची ती एक टक्का माशी मात्र चिवट निघाली. ती संपवायला पुढे निर्बीज नर सोडावे लागले. मिथिल युजेनॉलची कहाणी मुळात आपल्याकडची आहे: त्याचे आकर्षण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिहारमधील पुसा येथे फ्रँक हॉवलेट यांच्या ध्यानात आले. तुळशीतही हे द्रव्य असते. कोकणात हापूसच्या झाडांना टांगलेले फळमाशीचे सापळे आज त्यावरच चालतात.