भोर समिती सगळ्यांना पाठ आहे, पण भोर कोण होते? नाशिकच्या माणसाने आखलेला आरोग्याचा नकाशा आणि त्यात नसलेलं बीड

बीडमधल्या एखाद्या अभ्यासिकेत 'भोर समिती' एवढं म्हटलं तरी समोरून पटकन उत्तर येईल: 1946, प्राथमिक आरोग्य केंद्र. एमपीएससी असो, आरोग्य सेवक भरती असो नाहीतर नर्सिंगची परीक्षा, हा प्रश्न ठरलेलाच. पण हे भोर कोण, असं विचारलं की गाडी अडते. बऱ्याच जणांना वाटतं, पुणे जिल्ह्यातल्या भोर संस्थानाशी काहीतरी संबंध असणार.

तसा काही संबंध नाही. भोर हे आडनाव आहे. माणसाचं पूर्ण नाव जोसेफ विल्यम भोर, जन्मगाव नाशिक. आज गावात जी पीएचसी दिसते, तिची मूळ कल्पना देशासाठी सविस्तर कागदावर मांडणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. आणि गंमत म्हणजे ते डॉक्टर नव्हते.

नाशिक, पुणे, लंडन

जोसेफ भोर यांचा जन्म 6 एप्रिल 1878 चा. कुटुंब ख्रिस्ती. वडिलांना रावसाहेब ही पदवी होती. शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात झालं, पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. 1902 च्या सुमारास ते आयसीएस, म्हणजे आजच्या आयएएसचा ब्रिटिश काळातला अवतार असलेल्या सेवेत दाखल झाले. तेव्हा या सेवेत भारतीय माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

नोकरीची सुरुवात मद्रास इलाख्यात झाली. 1911 मध्ये त्यांनी मार्गारेट स्टॉट यांच्याशी लग्न केलं. मार्गारेट स्कॉटलंडमध्ये शिकलेल्या डॉक्टर होत्या आणि त्यांनी भारतात महिलांच्या वैद्यकीय सेवेत काम केलं. स्वतः भोर यांना स्टेथोस्कोप धरता येत नसेल, पण घरात एक डॉक्टर होती हे लक्षात ठेवायला हवं.

1914 ते 1919 ते कोचीन संस्थानाचे दिवाण होते. मग लंडनमध्ये भारताच्या उच्चायुक्त कार्यालयात सचिव, काही काळ हंगामी उच्चायुक्त. पुढे दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सदस्य. आधी उद्योग आणि कामगार, मग 1932 ते 1935 व्यापार आणि रेल्वे. आजच्या भाषेत केंद्रीय रेल्वेमंत्री म्हणा ना. दरम्यान 'सर' ही पदवीही मिळाली. 1935 मध्ये ते निवृत्त झाले. बहुतेक बड्या अधिकाऱ्यांची गोष्ट इथे संपते.

वयाच्या पासष्टीत आलेलं काम

ऑक्टोबर 1943. दुसरं महायुद्ध चालू आहे, बंगालमध्ये लोक भुकेने मरत आहेत. तिकडे ब्रिटनमध्ये वर्षभरापूर्वीच बेव्हरिज अहवाल आला होता आणि युद्धानंतर सरकारने नागरिकांसाठी काय करायचं यावर जोरात चर्चा सुरू होती. अशा वेळी ब्रिटिश सरकारने भारतात आरोग्य पाहणी आणि विकास समिती नेमली आणि अध्यक्षपद पासष्ट वर्षांच्या भोर यांना दिलं. मद्रासचे डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे एक सदस्य होते. कलकत्त्यात सार्वजनिक आरोग्यावर काम करणारे डॉ. जॉन ग्रँट हे दुसरे. सचिव होते डॉ. के. सी. के. ई. राजा.

समितीने देशभर फिरून जे आकडे गोळा केले ते आजही वाचवत नाहीत. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 162 पहिला वाढदिवस बघत नव्हती. सरासरी आयुर्मान 27 वर्षांच्या आसपास. सुमारे 6,300 माणसांमागे एक डॉक्टर. नर्सची अवस्था याहून वाईट, 43,000 माणसांमागे एक. अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून जेमतेम 7,000 नर्स. त्याच वेळी ब्रिटनमध्ये हजार माणसांमागे एक डॉक्टर आणि तीनशे माणसांमागे एक नर्स होती. वर जे थोडे डॉक्टर होते तेही बहुतेक शहरांत, लोक मात्र खेड्यांत. सरकार आरोग्यावर माणशी वर्षाला रुपये नाही, आणे खर्च करत होतं.

रेल्वेवाल्याचा हिशेब

1946 मध्ये समितीने चार खंडांचा अहवाल दिला. त्यातली योजना पाहिली की रेल्वे खातं सांभाळलेल्या माणसाची पद्धत दिसते. इतक्या अंतरावर स्टेशन, इतक्या स्टेशनांमागे जंक्शन, आणि प्रत्येक ठिकाणी किती माणसं लागतील याची यादी.

पहिल्या टप्प्यात दर 40,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यात दोन डॉक्टर, एक नर्स, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, शिवाय चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहायक, एक औषधनिर्माता आणि पंधरा इतर कर्मचारी. इमारत, यंत्रं ही नंतरची गोष्ट, आधी माणसं.

तीन-चार दशकांत गाठायचा पल्ला याहून मोठा होता. दर 10 ते 20 हजार लोकांमागे 75 खाटांचं रुग्णालय, त्यावर मोठी रुग्णालयं आणि सुमारे 30 लाख वस्तीच्या जिल्ह्याला 2,500 खाटांचं जिल्हा रुग्णालय. दोन हजार माणसांमागे एक डॉक्टर. पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे अहवालाचं मूळ तत्त्व. सरकारी डॉक्टर पूर्णवेळ पगारी असावेत, त्यांना खासगी प्रॅक्टिसची मुभा नसावी. गावोगावी लोकांची आरोग्य समिती असावी. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवावं. आज एमबीबीएसला जो पीएसएम विषय असतो, त्याची मुळं इथे आहेत. देशात एक अव्वल दर्जाची वैद्यकीय संस्था हवी, ही शिफारसही याच अहवालातली. दहा वर्षांनी, 1956 मध्ये, दिल्लीत एम्स उभं राहिलं.

हे सगळं 1946 मध्ये. ब्रिटनची प्रसिद्ध एनएचएस त्यानंतर दोन वर्षांनी, 1948 मध्ये सुरू झाली.

एक निर्णय, जो महागात पडला

भोर समितीचं कौतुक करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेव्हा देशात दोन प्रकारचे ॲलोपॅथी डॉक्टर होते. एक पदवीधर, दुसरे कमी वर्षांचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट. मुंबई इलाख्यातल्या जुन्या लोकांनी एलसीपीएस डॉक्टर हा शब्द ऐकलेला असेल, ते यातलेच. समितीच्या नोंदीप्रमाणे पदवीधर होते 17,654 आणि लायसेन्शिएट 29,870. म्हणजे दर पाच डॉक्टरांमध्ये तीन लायसेन्शिएट.

समितीने बहुमताने ठरवलं की यापुढे एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर तयार करायचा आणि हे अभ्यासक्रम बंद करायचे. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, हा विचार त्यामागे होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण काही सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला. इतकी टंचाई असताना लवकर तयार होणारे डॉक्टर बंद केले तर खेड्यात जाणार कोण, हा त्यांचा मुद्दा होता. पदवीधर डॉक्टर शहरातच राहिला आणि खेड्यात त्याची जागा कुणी भरली नाही. या एका बाबतीत विरोध करणारे बरोबर निघाले असंच म्हणावं लागतं.

मग बीडचं काय?

समितीला अभ्यास करायचा होता फक्त ब्रिटिश हिंदुस्थानाचा. संस्थानं त्यात नव्हती. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे नाशिकच्या माणसाने देशाच्या आरोग्याचा नकाशा आखला, आणि नाशिकहून काही तासांच्या अंतरावरचं बीड त्या नकाशात नव्हतंच. ना बीड, ना परभणी, ना अख्खा मराठवाडा.

1948 मध्ये हैदराबाद भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. दरम्यान 1952 पासून समूह विकास योजनेतून देशात पीएचसी उघडायला सुरुवात झाली होती, पण भोर यांच्या हिशेबाने नाही. एका विकास गटाला एक केंद्र, म्हणजे साठ-सत्तर हजार किंवा त्याहून जास्त लोकांचा भार. नाव भोर समितीचं राहिलं, माणसांची यादी मात्र गळाली.

एक ढोबळ हिशेब करून पाहा. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25,85,049 होती, भोर यांनी गृहीत धरलेल्या जिल्ह्याच्या जवळपासची. 20,000 लोकांमागे 75 खाटांचं एक रुग्णालय धरलं तर बीडला अशी 129 रुग्णालयं लागतात. म्हणजे आष्टीपासून परळीपर्यंत साडेनऊ हजारांहून जास्त खाटा, त्याही जिल्हा रुग्णालय न धरता. आजच्या सर्वसाधारण पीएचसीत चार ते सहा खाटा असतात.

जिल्ह्याला काही मिळालंच नाही असं नाही. अंबाजोगाईला 1970 च्या दशकात ग्रामीण भागासाठी म्हणून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे. तिथे शेजारच्या जिल्ह्यांतूनही पेशंट येतात. प्रश्न त्याच्या खालच्या पायऱ्यांचा आहे.

त्या पायऱ्या कमकुवत असल्या की काय होतं हे 2019 मध्ये दिसलं. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत. याला कारणं अनेक आहेत. उचल, खाडा केला तर होणारा दंड, लहान वयात लग्न, फडावर न पाणी ना शौचालय. पण अंगावरून जाणं, पोटात दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला आधी तपासून साधं औषध देणारं, विश्वासाचं आणि फुकटचं माणूस गावात असतं, तर थेट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत किती जणी गेल्या असत्या? भोर यांच्या यादीतल्या चार आरोग्य परिचारिका आणि चार सुईणी नेमक्या याच कामासाठी होत्या.

आज गावात ते काम मुख्यतः आशाताई करतात. साधारण हजार लोकांमागे एक आशा. त्या पगारी कर्मचारी नाहीत, त्यांना कामाप्रमाणे मोबदला मिळतो. त्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांनी 2023 च्या अखेरीस आणि 2024 च्या सुरुवातीला संप केला, आझाद मैदानात मुक्काम ठोकला. पूर्णवेळ पगारी कर्मचारी हा भोर यांचा पहिला आग्रह होता, हे इथे आठवतं.

पैशाचं गणितही फार पुढे गेलेलं नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्य खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करायचं ठरलं होतं. 2021-22 मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळातही, तो 1.84 टक्के होता. त्या वर्षी देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी 39.4 टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. हे दुखणं एकट्या भारताचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2030 पर्यंत जगात किमान 1 कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील, तेही मुख्यतः गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत.

शेवटची वर्षं

सर जोसेफ भोर यांचं निधन 15 ऑगस्ट 1960 रोजी झालं, इंग्लिश खाडीतल्या गर्नसी बेटावर. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन साडेतीन महिने झाले होते आणि बीड आता नाशिकच्याच राज्यात होतं.

त्याआधीच्या वर्षी भारत सरकारने आरोग्यव्यवस्थेचा पुन्हा आढावा घ्यायला नवी समिती नेमली होती. अध्यक्ष होते भोर यांच्याच समितीतले जुने सहकारी, डॉ. मुदलियार. त्यांच्या समितीने काढलेला निष्कर्ष असा होता की आहेत ती पीएचसीच माणसांअभावी नीट चालत नाहीत, त्यामुळे नवी उघडण्याआधी जुनी सुधारा. आणि एका केंद्रावर जास्तीत जास्त किती लोकांचा भार असावा, तर 40,000. भोर यांनी सोळा वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा.