बंगळूरचे बंद दार आणि कमलाबाई सोहोनी

जालना : कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवा जालना. जुन्या जालन्यातील अरुंद गल्ल्यांतून दप्तर पाठीला लावून भल्या सकाळी विज्ञानाच्या शिकवणीला निघालेल्या मुली हे आता नित्याचे दृश्य आहे. बारावीनंतर रसायनशास्त्र घ्यायचे की अभियांत्रिकीला जायचे, यावर घरोघरी चर्चा होतात, भांडणेही होतात. परंतु मुलीने विज्ञान शिकावे की नाही, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न ज्या काळी विचारला जात होता, आणि देशातील सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाकडून विचारला जात होता, त्या काळातील एका मराठी स्त्रीचे हे चरित्र आहे.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरमध्ये झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत, ज्या संस्थेला त्या वेळी सारे टाटा इन्स्टिट्यूटच म्हणत, तेथे सुरुवातीच्या काळात शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. थोरली बहीण दुर्गा. पुढे मराठी साहित्यात आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासात आपली नाममुद्रा उमटविणाऱ्या आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या दुर्गाबाई भागवत त्या ह्याच. दोघी बहिणींच्या वाटा वेगळ्या, पण नाही म्हटलेले ऐकून न घेण्याचा घराण्याचा गुण दोघींतही सारखाच उतरला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

घरात रसायनशास्त्राचा वारसा असल्याने कमलेने तेच शिकावे हे ओघानेच आले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी तिने रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन, सर्वप्रथम येऊन मिळविली. पुढील पाऊल ठरलेलेच होते. वडील आणि काका जेथे शिकले त्या बंगळूरच्या संस्थेत प्रवेशासाठी तिने अर्ज केला. गुणांच्या दृष्टीने अर्ज नाकारण्याचे कोणतेही कारण नव्हते.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाची मान उंचावली होती आणि १९३३ सालीच संस्थेच्या संचालकपदी बसणारे ते पहिले भारतीय ठरले होते. स्त्रिया संशोधनास योग्य नाहीत, असे त्यांचे मत होते. वडील आणि काका यांनी रदबदली करून पाहिली, तीही व्यर्थ गेली. तेव्हा कमला स्वतः बंगळूरला गेली आणि केवळ स्त्री असल्याने प्रवेश का नाकारता, याचे उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नाही, अशा निर्धाराने संचालकांच्या कार्यालयापाशी ठाण मांडून बसली. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. एका पदवीधर मुलीने तेच शस्त्र विज्ञानाच्या दारात उपसले.

रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. कामाचा दर्जा पटला तरच ते वर्ष ग्राह्य धरावयाचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावयाचे. आणि तिसरी अट अशी की, प्रयोगशाळेतील वातावरण तिच्यामुळे बिघडता कामा नये, म्हणजेच पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. या तिसऱ्या अटीत पुरुषांविषयी काय गृहीत धरले होते, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. कमलेने तिन्ही अटी मान्य केल्या. मात्र तो अपमान ती विसरली नाही. उतारवयात त्याविषयी बोलताना रामन यांच्या वैज्ञानिक थोरवीबद्दल तिने शंका घेतली नाही आणि त्यांच्या कोत्या दृष्टीवर पांघरूणही घातले नाही.

श्रीनिवासय्या हे तिचे मार्गदर्शक. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर तिने काम केले. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले, तिला नियमित प्रवेश मिळाला आणि १९३६ साली एम.एस्सी. पदवी विशेष प्राविण्यासह हाती आली. त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. १९४० साली रामन यांच्याच प्रयोगशाळेत अॅना मणी दाखल झाल्या, ज्यांनी पुढे भारतीय हवामानशास्त्रात मोलाचे काम केले. पण दार उघडले म्हणजे वाट मोकळी झाली असे नाही. मणी यांचा प्रबंध, त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही या कारणास्तव, पीएच.डी.साठी ग्राह्य धरला गेला नाही.

१९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून कमला केंब्रिजला गेली. तेथे सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना मज्जाव नव्हता. आधी डेरेक रिक्टर आणि नंतर वनस्पतींवर काम करणारे रॉबिन हिल यांच्यासोबत तिने संशोधन केले. बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचे तिला आढळले. श्वसनातून ऊर्जा निर्माण होताना पेशींच्या आत इलेक्ट्रॉनांची जी देवाणघेवाण चालते, तीत या प्रथिनाचा वाटा असतो. या विषयावरील तिचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. अलीकडे प्रबंधांची जाडी पाहता या चाळीस पानांचे अप्रूप वाटते.

१९३९ साली कमला भागवत पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. या बिरुदासोबत एका नावाची आठवण ठेवावयास हवी. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डी.एस्सी. दिली होती. आणखी एक गोष्ट. ज्या केंब्रिजने कमलाबाईंना मोकळ्या मनाने प्रयोगशाळा दिली, त्या केंब्रिजनेही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व दिले ते १९४८ साली. त्याआधी स्त्रियांची पदवी नामधारीच असे. तेव्हा संकुचितपणाचे खापर एकट्या बंगळूरवर फोडणे न्याय्य ठरणार नाही.

त्याच काळात आपल्या भागात काय परिस्थिती होती? जालना निजामाच्या राज्यात होते. पदवीपर्यंत शिकावयाचे तर हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. नाहीतर राज्याची सीमा ओलांडून पुणे, मुंबई वा नागपूर. मुलग्यांचीही जेथे ही कथा, तेथे मुलींनी रसायनशास्त्राच्या पदवीचे स्वप्न पाहणे दुरापास्तच. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. योगायोग असा की, ज्या १९३३ साली रामन यांनी कमलेचा अर्ज नाकारला, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात रसायन तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. तोच पुढे रसायन तंत्रज्ञान संस्था झाला आणि २०१८ साली त्या संस्थेचे मराठवाड्यातील संकुल जालन्यात आले.

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. येथे विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. तेथे त्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतील त्यांचे काम थेट आपल्या ताटातले आहे. कडधान्यांत प्रथिने भरपूर. मग ती पचत का नाहीत? आपल्या शरीरात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांचे पचन करते. काही कडधान्यांत या ट्रिप्सिनला अडविणारे घटक असतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील हे घटक तपासले. वाल आणि डबल बी यांतून ते स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९५५ साली हे काम जगप्रसिद्ध नेचर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खाण्याची आपल्या घरांतील रीत किती शहाणपणाची आहे, हे अशा संशोधनातून उमगते, कारण उष्णतेने यांतील पुष्कळसे घटक निष्प्रभ होतात. तूर आणि हरभऱ्याच्या मराठवाड्यात तरी या कामाची ओळख अधिक असावयास हवी होती.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताडाच्या झाडापासून मिळणाऱ्या या रसात अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असते आणि नीरेपासून गूळ केला तरी ती बरीचशी टिकतात, असे दिसून आले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. गरिबाला परवडेल असे पोषण हा त्यांच्या साऱ्या संशोधनाचा धागा होता.

तरीही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना हक्काच्या वेळी मिळाले नाही. पात्रता असूनही काही वर्षे ते अडून राहिले आणि मग मिळाले. बंगळूरला दार उघडपणे बंद केले गेले होते. मुंबईत कोणी नाही म्हटले नाही, फक्त विलंब होत राहिला. दुसऱ्या प्रकाराविरुद्ध सत्याग्रहही करता येत नाही. आज विज्ञान शाखांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने दिसतात, पण गेल्या दशकातील सरकारी आकडेवारीनुसार देशातील संशोधकांत त्यांचे प्रमाण पाचात एकाहूनही कमी आहे. प्रवेशानंतरच्या या गळतीचे कारण शोधताना कमलाबाईंच्या आयुष्यातील उत्तरार्धाकडे पाहावे, पूर्वार्धाकडे नव्हे. केंद्र सरकारने संसारामुळे संशोधन सुटलेल्या स्त्रियांसाठी २००२ नंतर स्वतंत्र योजना आखली, ती याच जाणिवेतून.

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन केली. भेसळ आणि वजनमापांतील फसवणूक यांविरुद्ध झटणाऱ्या या संस्थेत कमलाबाई सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या किमत या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत असत.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. परिषदेच्या महासंचालकपदावर तेव्हा प्रथमच एक स्त्री होती, डॉ. सत्यवती. कमलाबाईंची हकीकत कळल्यावर त्यांनीच हा सोहळा घडवून आणला. २८ जून १९९८ रोजी कमलाबाईंचे निधन झाले.