चौलच्या खाडीत एक रोमन

अलिबागहून रेवदंड्याला येणारा रस्ता किल्ल्याचा तट ओलांडूनच गावात शिरतो. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच एखाद्या चर्चची पडकी भिंत आणि या सगळ्यांवर डोके काढून उभा असलेला सातखणी बुरूज. पोर्तुगीजांच्या कागदांत या ठिकाणाचे नाव चौल. हे सारे धडधाकट उभे असताना, १६२३च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, गोव्याकडे निघालेला एक रोमन उमराव या बंदरात आला. त्याचे नाव पिएत्रो देल्ला व्हाल्ले. पडक्या शहरांचा त्याला विलक्षण नाद होता, आणि त्याच्या सामानातल्या एका पेटीत त्याच्या बायकोचा मृतदेह होता.

पिएत्रोचा जन्म १५८६चा, रोममधल्या खानदानी घराण्यातला. जिच्यावर बारा वर्षे जीव लावला तिने दुसऱ्याशी लग्न केले, तेव्हा हा जिवावर उदार झाला. नेपल्समधल्या मारिओ स्किपानो या वैद्य मित्राने त्याला पूर्वेकडच्या यात्रेचे वेड लावून दिले. १६१४ साली तो व्हेनिसहून निघाला, आणि पुढची बारा वर्षे या मित्राला लांबच लांब पत्रे लिहीत राहिला. त्याचे प्रवासवर्णन म्हणजे हीच पत्रे.

रोमन लोक आपले मूळ ट्रॉयशी जोडत. तेव्हा तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर ट्रॉयचे अवशेष पाहायला मिळणार म्हणून तो हरखून गेला, यात नवल नाही. त्या काळी प्रवाशांना ट्रॉय म्हणून दाखवत ते खरे तर अलेक्झांड्रिया त्रोआस, ग्रीकांनी वसवलेले आणि पुढे रोमनांनी वाढवलेले शहर. इजिप्तमध्ये सक्काराच्या वाळूतून त्याने दोन ममी विकत घेतल्या. त्या आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहेत.

बाबिलोनला मात्र तो नुसता हौशी प्रवासी राहिला नाही. वीट भाजलेली की उन्हात वाळवलेली, सांध्यात डांबर आहे की माती, थरांमध्ये बोरू घातले आहेत का, हे तो बारकाईने टिपत गेला. सोबतच्या चित्रकाराकडून त्याने टेकाडाची चित्रे काढून घेतली आणि विटा बरोबर नेल्या. पुरातत्त्व हे शास्त्र जन्माला येण्याच्या दीड-दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

त्याच १६१६ साली बगदादमध्ये त्याने मआनीशी लग्न केले. ती ख्रिस्ती घरातली, अठराएक वर्षांची, आणि घोड्यावर मांड ठोकून त्याच्या जोडीने प्रवास करणारी. १६२१च्या शरदात दोघे इराणमधल्या पर्सेपोलिसला पोचले. तिथल्या दगडांवरच्या कीलाकार अक्षरांतली पाच त्याने उतरवून घेतली आणि ही लिपी डावीकडून उजवीकडे वाचायची असावी, असा तर्क केला. तो बरोबर निघाला. पुढे दोघे समुद्राकडे निघाले. होर्मुझसाठी लढाई पेटलेली, जहाज मिळेना, हवा रोगट. मीनाबजवळ मआनीला मृत मूल झाले आणि डिसेंबरअखेर तापाने तीही गेली. परमुलखात तिला मागे ठेवायला त्याचे मन धजेना. कापूर भरून त्याने देह पेटीत बंद केला. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो, की दर नाक्यावर सामानाच्या यादीत या पेटीची नोंद तो काय करत असेल? खलाशी प्रेत जहाजावर चढू देत नसत. त्यामुळे तो ती कपड्यालत्त्यांत दडवून नेई.

अशी ती पेटी सुरतेला उतरली आणि चौलवरून गोव्याला गेली. हिंदुस्थानात त्याने देवळे, पोशाख, चालीरीती असे सगळे पाहिले. इक्केरीला सती निघालेल्या एका बाईला भेटून तिचे मन वळवायचाही प्रयत्न केला. बाई बधली नाही.

१६२४च्या अखेरीस परतताना तो पुन्हा चौलला थांबला, आणि पोर्तुगीजांचा तट सोडून निजामशाहीतले वरचे चौल पाहायला गेला. आज आपण चौल म्हणतो ते हे. पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या ग्रीक लेखकांनी सेमुल्ला, सिमुल्ला म्हणून नोंदलेले आणि कान्हेरीच्या लेखांत चेमुल म्हणून येणारे बंदर इथलेच. रोमशी व्यापार करणाऱ्या या बंदराचे अवशेष त्याच्या पायाखाली होते. अलीकडच्या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ते उजेडात आणायला सुरुवात केली. बाबिलोनला वर टेकाड तरी होते. इथे वर नांदते गाव होते, नांदत्या गावाखाली कोण उकरणार?

वाटेत उर नगरीच्याही विटा घेऊन तो १६२६ साली रोमला पोचला. पोपच्या दरबारात मान मिळाला. पण मूळचा तापट स्वभाव गेला नाही. १६३६ साली पोपच्या एका गाडीवानाचा त्याच्या हातून खून झाला आणि काही काळ शहर सोडावे लागले. मआनीने सांभाळलेल्या मारिउच्चा या अनाथ जॉर्जियन मुलीशी त्याने दुसरे लग्न केले. १६५२ साली तो वारला.

मआनीला त्याने १६२६ सालीच घराण्याच्या कबरीत पुरले होते. पुढच्या वर्षी मोठा शोकविधी केला. भाषण त्याचेच होते, पण त्याला हुंदका आवरेना. ते आराचेली चर्च कापितोल टेकडीवर आहे. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला प्राचीन रोमचे फोरम, म्हणजे सीझरच्या काळचा मुख्य चौक. त्या वेळी ते मातीत निम्मे गाडलेले होते, वर गवत माजले होते आणि लोक त्याला गाईंचे कुरण म्हणत.