विश्लेषण : वकिली सोडलेल्या तरुणाने मुंबईच्या घरांना भरवशाचे कुलूप कसे दिले?

मुंबईत घरफोड्या वाढल्याची एक बातमी वाचून अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपे करायला घेतली. त्याआधी वकिली आणि एक उद्योग, दोन्ही त्यांनी खरेपणापायी सोडले होते. पुढे याच खरेपणावर त्यांचा व्यवसाय उभा राहिला. तो कसा, याविषयी...

वकिली का सोडली?

अर्देशीर यांचा जन्म १८६८ मध्ये मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. वडील बुर्जोरजी यांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय होता. अर्देशीर यांचे १८९० मध्ये लग्न झाले. मात्र पुढच्याच वर्षी पत्नी बच्चूबाई आणि त्यांच्यासोबतची नात्यातील तरुणी यांचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. हे प्रकरण मुंबईत खूप गाजले. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

कायद्याचे शिक्षण संपल्यावर १८९४ मध्ये एका खटल्यासाठी ते पूर्व आफ्रिकेतील झांजिबारला गेले. तेथे पक्षकाराच्या बाजूने जे मांडायचे होते, ते खरे असल्याची त्यांना खात्री वाटेना. तसे बोलण्यास त्यांनी नकार दिला, खटला सोडला आणि ते मुंबईला परतले. वकिलीचा अध्याय तेथेच संपला.

पहिला उद्योग का बुडाला?

मुंबईत त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे नोकरी धरली. तेथे शस्त्रक्रियेची उपकरणे पाहून, ती येथेच का बनू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी तीन हजार रुपये कर्जाऊ दिले. उपकरणे चांगली उतरली, पण ती घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांवर भारतीय बनावटीचा शिक्का नको होता. देशी म्हटले की गिऱ्हाईक फिरकणार नाही, अशी त्याला भीती होती. अर्देशीर यांना मात्र आपला माल परक्या नावाने विकणे मान्य नव्हते. व्यवहार फिसकटला आणि धंदा बंद पडला. अंगावर कर्ज राहिले.

कुलूपच का निवडले?

याच सुमारास शहरातील वाढत्या घरफोड्यांची आणि नागरिकांनी घरा-कचेऱ्यांच्या बंदोबस्ताकडे लक्ष द्यावे, या पोलिसांच्या आवाहनाची बातमी त्यांच्या वाचनात आली. तो काळ प्लेगच्या साथीचा होता. मोठ्या संख्येने लोक मुंबई सोडून जात होते. बंद घराचा राखणदार म्हणजे दारावरचे कुलूप. बाजारात एकीकडे परदेशी कुलपे होती, तर दुसरीकडे हाताने घडवलेली देशी कुलपे. भरवशाचे देशी कुलूप बनवले तर ते खपेल, असा अर्देशीर यांचा हिशेब होता.

पहिला धंदा बुडूनही कामा यांनी पुन्हा पैसे दिले. ७ मे १८९७ रोजी लालबागमध्ये गॅस कंपनीशेजारच्या २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झाले. कारागीर होते डझनभर. ते गुजरात आणि मलबारमधून आणले होते. पुढे कामा यांच्या नात्यातील बॉइस नावाचा तरुण भागीदार झाला. तो फार काळ टिकला नाही, पण कंपनीच्या नावात ‘बॉइस’ कायम राहिले. धाकटे बंधू पिरोजशाही व्यवसायात आले.

या कुलपांत वेगळे काय होते?

कुलपाच्या आत लिव्हर नावाच्या पातळ पट्ट्या असतात. योग्य किल्ली फिरवली की प्रत्येक पट्टी नेमकी हवी तेवढी उचलली जाते आणि खटका सरकतो. पट्ट्या जागेवर ठेवण्याचे काम स्प्रिंगचे. स्प्रिंग गंजली किंवा तुटली की कुलूप निकामी होते. म्हणून अर्देशीर यांनी विनास्प्रिंगचे कुलूप तयार करून त्याचे पेटंट घेतले.

दिलेल्या दोन किल्ल्यांखेरीज अन्य कोणत्याही किल्लीने कुलूप उघडणार नाही, अशी त्यांची हमी असे. एका प्रकारच्या कुलपात दुसरी किल्ली वेगळेच काम करी. तिने आतली रचना बदलली की पहिली किल्ली निरुपयोगी ठरे. नोकराकडची किल्ली हरवली किंवा तिची नक्कल झाल्याचा संशय आला, तर मालक निर्धास्त. आणखी एका प्रकारात चुकीची किल्ली घालताच कुलूप अडकून बसे आणि कोणीतरी हात घातल्याचे मालकाला कळे. अशी कल्पना इंग्लंडमध्ये आधीपासून होती. ती येथील बाजारात देशी बनावटीने आली.

तिजोरीकडे कसे वळले?

दागिने, रोकड आणि दस्त यांना चोराइतकेच आगीचेही भय. त्यामुळे १९०२ मध्ये तिजोरी आली. तिजोरीची दुबळी जागा म्हणजे सांधा. पहार शिरते ती तेथेच. म्हणून पोलादी पत्र्याला घड्या घालून सांधे कमी करण्यावर भर दिला गेला. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११-१२ च्या भारत दौऱ्यात गोदरेज तिजोरी वापरली गेली. खरी परीक्षा अर्देशीर यांच्या पश्चात झाली. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटानंतर आगीतून निघालेल्या या तिजोऱ्यांमधील कागदपत्रे शाबूत सापडली.

स्वदेशीबद्दल त्यांची भूमिका काय होती?

टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. मात्र देशाच्या नावाखाली गिऱ्हाइकाच्या गळ्यात हलका माल मारणे त्यांना मंजूर नव्हते. देशी वस्तू परदेशी वस्तूच्या तोडीची असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण आणला. त्याचे नाव ठेवले ‘चावी’. पुढे कारभार पिरोजशा यांच्यावर सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. तेथे मात्र त्यांना यश आले नाही. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या घराला आणि गाडीला यातून काय घेता येईल?

अर्देशीर यांनी सोडवलेले प्रश्न आजही तेच आहेत. भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर आधीच्या भाडेकरूकडे किल्ली राहिली असू शकते. अशा वेळी कुलूप किंवा निदान त्याचा आतला भाग बदलणे हिताचे. कुलूप अचानक अडू लागले किंवा भोवती ओरखडे दिसले, तर तेल सोडून विसरून जाऊ नये; कोणी उघडण्याचा प्रयत्न केला आहे का, हे पाहावे. कुलूप दणकट आणि कडी-कोयंडा खिळखिळा असेल, तर चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही. गाडीच्या चावीतील चिपचे तत्त्वही ओळखीचेच. चिपची खूण जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे वापरलेली गाडी घेताना सर्व चाव्या ताब्यात घ्याव्यात आणि हरवलेली चावी अधिकृत सेवा केंद्रातून रद्द करून घ्यावी.

कुलूप विकत घेणाऱ्याला त्याच्या आतले काही दिसत नाही. त्याला बनवणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. झांजिबारमध्ये खात्री नसलेला शब्द उच्चारायला नकार देणाऱ्या माणसाच्या हमीला मुंबईत मोल आले, ते यामुळेच. आजही कित्येक मराठी घरांत लोखंडी कपाटाला, ते कोणत्याही कंपनीचे असो, ‘गोदरेजचे कपाट’च म्हणतात.